निर्लेखन यादीतलं 'चक्रमुद्रण यंत्र' : गेस्टेटनर कंपनीबद्दल कोणाला माहिती आहे?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सेलू तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. यंदा जडवस्तू नोंदवहीची पडताळणी माझ्याकडे आली. मोडकी बाकं, फुटका पृथ्वीगोल, बूड गेलेल्या बादल्या, असं निर्लेखनाला (म्हणजे नोंदवहीतून कायमचं कमी करायला) काढायचं सामान लिहिता लिहिता एक नोंद दिसली : 'चक्रमुद्रण यंत्र, हाताचे, नग १'. नोंद आहे म्हणजे वस्तू असलीच पाहिजे. प्रयोगशाळेमागच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली, गोणपाटात गुंडाळलेलं सापडलं. करड्या रंगाचं, दोघांनी उचलावं इतकं जड. बाजूला दांडा. आत एकावर एक दोन रूळ आणि त्यांच्यावरून ताणलेलं रेशमी कापड, शाईनं वाळून कडक झालेलं. समोर नाव : गेस्टेटनर.

माझा जन्म १९८८ चा. तिसरी-चौथीत सहामाहीचे पेपर असल्याच यंत्रावर निघायचे. पेपर हातात पडला की बोटाला काळं लागायचं, ते आठवतं. पण ही कंपनी कुठली, कोणी काढली, पुढे तिचं काय झालं, काहीच माहीत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, लोखंडाच्या भावानं जाईल. मला वाटतं जाऊ नये. का जाऊ नये, ते मात्र मला नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी लिहावं.

अंबाजोगाईकर

तो वास! बस, एवढंच लिहायला लॉगिन केलं. पेपर वाटले की आधी नाकाला लावायचे, मग प्रश्न वाचायचे.

बिंदुसरा

भाऊ, मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं लिपिक होतो आणि त्यातली पहिली सतरा वर्षं स्टेन्सिल कापण्यात गेली. यंत्राची निम्मी गोष्ट टाईपरायटरवर घडायची, म्हणून ती आधी सांगतो.

स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला पातळ, जाळीदार कागद. मागं जाड पुठ्ठ्यासारखा आधाराचा कागद, वरच्या टोकाला यंत्रात अडकवायची भोकं. टाईपरायटरच्या रिबिनीचा खटका पांढऱ्या खुणेवर आणायचा, म्हणजे रिबीन वर येत नाही आणि खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, थेट मेणावर बसतो. मेण बाजूला सरतं, कागदाचे धागे तेवढे उरतात. पुढं यंत्रात शाई त्या धाग्यांतून झिरपते. मेण आहे तिथं शाई अडते, मेण गेलं तिथं शाई उतरते. सगळी विद्या एवढीच.

इंग्रजीवाल्यांचं यात बरं होतं, अक्षरं सुटी. आपल्या मराठीला शिरोरेघ. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर रेघ, आणि एका अक्षराची रेघ पुढच्या अक्षराच्या रेघेला चिकटलेली. हात जरा जड पडला की ओळीच्या ओळी वरून चिरल्या जायच्या, ब्लेड मारल्यागत. 'ठ', 'ढ' यांची पोटं सुटून पडायची आणि छापताना तिथं काळे ठिपके यायचे. माझे पहिले बडे बाबू मागं उभे राहून सांगायचे, "हळू मार रे बाबा, कागद फाटायलाय." स्टेन्सिलवर पातळ प्लास्टिकचा कागद टाकून टाईप करायला त्यांनीच शिकवलं. खिळे रोज सकाळी ब्रशनं साफ करायचे, नाहीतर 'व' आणि 'ब' ओळखू यायचे नाहीत.

चूक झाली की लाल फ्लुइड. बारक्या ब्रशनं लावायचं, फुंकर घालून वाळवायचं, वरून पुन्हा टाईप करायचं. एका स्टेन्सिलवर तीन-चार दुरुस्त्यांच्या वर गेलं की पान नव्यानं घ्यायचं, ही माझी शिस्त होती. चांगल्या स्टेन्सिलवर मी आठशे प्रती काढलेल्या आहेत, शेवटची प्रत पहिल्यासारखी.

लिंबाची_सावली

बिंदुसरा काका, सुंदर लिहिलंत. आमचे भूगोलाचे सर नकाशा स्टेन्सिलवर हातानं काढायचे. काचेखाली बल्ब लावून, टोकदार लोखंडी लेखणीनं. गोदावरी काढताना श्वास धरून बसायचे.

मांजरा_तीर

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हा विषय माझ्या आवडीचा आहे, थोडं सविस्तर लिहितो.

डेव्हिड गेस्टेटनर १८५४ मध्ये हंगेरीतल्या चोर्ना गावी जन्मला. तरुणपणी व्हिएन्नाच्या शेअर बाजारात कामाला लागला. दिवसभराच्या व्यवहारांच्या नकला संध्याकाळी हातानं लिहून काढायच्या, हे त्याचं काम. एकच मजकूर पुन्हा पुन्हा. कॉपी काढणाऱ्या यंत्राच्या कंपनीचा मूळपुरुष स्वतः नकलनवीस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे तो अमेरिकेत गेला. शिकागोत त्यानं जपानी कागदाचे पतंग विकले असं सांगतात. तो कागद पातळ, पण लांब धाग्यांचा आणि चिवट. मेणाच्या स्टेन्सिलला लागतो तसा कागद त्याला असा भेटला. तिथून तो लंडनला आला. १८७९ मध्ये नकला काढण्याच्या पद्धतीचं पहिलं पेटंट मागितलं, १८८१ मध्ये 'सायक्लोस्टाईल' लेखणी आणली आणि त्याच सुमारास कंपनी उभी राहिली.

'सायक्लोस्टाईल' हा शब्द आपण यंत्राला आणि कागदालाही वापरतो, पण मुळात ते लेखणीचं नाव. लेखणीच्या टोकाला बारीक दातेरी चाक. मेणकागदावर लिहीत गेलं की चाक फिरत फिरत भोकं पाडत जायचं. चाक म्हणून 'सायक्लो'. सरकारी मराठीत 'चक्रमुद्रण' झालं, त्यातलं चक्र हेच.

सुरुवातीची साधनं सपाट चौकटीची होती. चौकटीत स्टेन्सिल ताणायची, खाली कागद ठेवायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. दांडा फिरवला की कागद आपोआप आत जाऊन बाहेर पडतो, अशी यंत्रं नंतर आली. १९०६ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागात कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला आणि तिथून यंत्रं जगभर गेली.

दुधनाकाठ, तुमच्या यंत्राला दोन रूळ आणि रेशमी कापड आहे म्हणालात. ती गेस्टेटनरची खूणच. शाई नळीतून येते, जाडसर, पेस्टसारखी. बारके रूळ मागंपुढं सरकत ती कापडावर सारखी पसरवतात. दुसऱ्या जातीच्या यंत्रात एकच मोठा ढोल असतो आणि शाई ढोलाच्या पोटात भरतात.

पैठणी_काठ

सायक्लोस्टाईलचा शोध एडिसननं लावला असं आम्ही शिकलो. गेस्टेटनरचं नाव आजच ऐकलं.

मांजरा_तीर

@पैठणी_काठ, दोन्ही धागे खरे आहेत, पण वेगळे. एडिसनला १८७६ मध्ये विजेच्या पेनाचं पेटंट मिळालं. पेनातली सुई झपाट्यानं खालीवर होऊन कागदाला भोकं पाडायची. नंतर शिकागोचा अल्बर्ट ब्लेक डिक याला हे काम भावलं. तो लाकडाचा व्यापारी, मालाच्या याद्या वारंवार पाठवायला लागत. त्यानं एडिसनकडून हक्क घेतले आणि १८८७ मध्ये 'मिमिओग्राफ' नावानं यंत्र बाजारात आणलं. अमेरिकेत मिमिओग्राफ, आपल्याकडे इंग्रजांच्या मार्गानं आलेलं सायक्लोस्टाईल.

पैठणी_काठ

म्हणजे एकाला शेअर बाजाराच्या नकलांचा कंटाळा आला आणि दुसऱ्याला लाकडाच्या याद्यांचा. पटलं. धन्यवाद.

औंढा_नागनाथ

आमच्या कार्यालयात यंत्र गेस्टेटनरचं आणि पदाचं नाव 'रोनिओ ऑपरेटर'. मी नव्यानं लागलो तेव्हा वाटलं, रोनिओ हे साहेबांचं आडनाव असेल.

बिंदुसरा

हाहा, बरोबर! रोनिओ हीसुद्धा एक कंपनीच. 'रोटरी' आणि 'निओस्टाईल' जोडून केलेलं नाव. पगारपत्रकात पद रोनिओचं आणि टेबलावर यंत्र गेस्टेटनरचं, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

गल्ली_नंबर_४

पेपर फुटण्याचे किस्से येऊ द्या की! आमच्या गावात एकदा रात्री बोंब उठली, गणिताचा पेपर फुटला. पोरं कंदील घेऊन पारावर जमली, सगळी गणितं रातोरात सोडवली. सकाळी कळलं, पेपर मागच्या वर्षीचा होता. पण त्या वर्षी गणितात कोणी नापास झालं नाही, हे खरं आहे.

लिंबाची_सावली

म्हणून आमचे मुख्याध्यापक वापरलेली स्टेन्सिल आणि बिघडलेल्या प्रती स्वतः उभं राहून जाळायचे. खोलीला कुलूप, खिडकीला आतून वर्तमानपत्र. ते दोन दिवस शाळेत वेगळीच शांतता असायची, आणि आतून खटक-सर्र, खटक-सर्र.

कयाधू

वाचत होते, लिहू की नको असं झालं. लिहितेच.

माझे बाबा हिंगोलीकडच्या एका शाळेत शिपाई होते. पोरं त्यांना मामा म्हणायची. स्टेन्सिल सर कापायचे, दांडा बाबा फिरवायचे. परीक्षेच्या आधी तीन-तीन दिवस. एका वर्गाचे साठ पेपर, दोन पानी, सहा विषय, पाच वर्ग, करा हिशोब. घरी आले की आई रॉकेल आणि चिंधी घेऊन बसायची. रॉकेलनं शाई निघायची, पण नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. भाकरी मोडताना मी त्या कडा बघायची. उजवा खांदा त्यांना शेवटपर्यंत दुखला.

इथं सगळ्यांना वास आठवला, नकाशा आठवला. मला राग नाही आला. पण यंत्राचा इतिहास म्हणजे लंडनचा कारखाना आणि पेटंटच नव्हे, एवढं मला म्हणायचं आहे. बाबा चौथी शिकलेले. छापून निघालेली पहिली प्रत ते उजेडाकडे धरून बघायचे, कुठं फिकी आली का, कुठं शाई साचली का. मग मुख्याध्यापकांकडे न्यायचे. सरांच्या आधी पेपर पाहणारा माणूस तोच, आणि त्यांच्या हातून एकही पेपर कधी बाहेर गेला नाही.

दुधनाकाठ दादा, यंत्र ठेवलंत तर ते कोण चालवत होतं हे शोधून तिथं लिहा.

दुधनाकाठ

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या हजेरीपत्रकात शोधतो. नक्की.

बिंदुसरा

कयाधू, लेकी, खरं लिहिलंस. आमच्याकडे दांडा फिरवायला होते त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. शाईची नळी किती पिळायची हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं. माझी आठशेवी प्रत चांगली निघायची ती त्यांच्यामुळं, हे मघाशी लिहायचं राहिलं.

बालाघाट

वीज नसली की या यंत्राची किंमत कळायची. मी १९९३ साली एका तहसील कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. २९ सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं, लोक थकून झोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा लिहिण्याची ताकद माझ्यात नाही.

आमच्या इमारतीला तडे गेले होते म्हणून टेबलं बाहेर झाडाखाली मांडली. वीज बंद, झेरॉक्स मशीन आत पडलेलं. मागणी एकच, नमुने पाहिजेत. पंचनाम्याचे, मयतांच्या नोंदीचे, मदत वाटपाचे. शेकड्यांनी. टाईपरायटर हाताचा, यंत्र हाताचं. गॅसबत्तीच्या उजेडात मी स्टेन्सिल कापायचो आणि दोघं जण आळीपाळीनं दांडा फिरवायचे. पाऊस आला की वर ताडपत्री धरायची. नमुन्यात 'मयताचे नाव' पुढं मी आधी एक ओळ ठेवली होती. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, ओळी वाढव, एका घराला एक पुरत नाही. ती स्टेन्सिल मी पुन्हा कापली.

मला त्या यंत्राचा कारखाना कुठला ते आज कळलं.

अंबाजोगाईकर

बालाघाट, नमस्कार तुम्हाला.

लिंबाची_सावली

वाचून थांबले थोडा वेळ.

खाम_नदी

मराठवाड्यात ही यंत्रं इतकी टिकली याचं मोठं कारण बालाघाट यांनी सांगितलं तेच. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. झेरॉक्सचं दुकान असून काय करता?

आणि एक. आमच्या औरंगाबादला, तेव्हा औरंगाबादच, विद्यार्थी चळवळीची पत्रकं मी याच यंत्रावर निघताना पाहिली आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत एका पानावर दाटीनं टाईप केलेली किती पत्रकं आमच्या हातांतून गेली असतील! छापखानेवाला मजकूर वाचून नको म्हणायचा. सायक्लोस्टाईलला कोणाला विचारावं लागत नव्हतं. रीम, दोन स्टेन्सिल आणि कोणाच्या तरी ओळखीचं यंत्र एवढ्यावर काम भागायचं.

पैठणी_काठ

माझे आजोबा रझाकारांच्या काळातल्या बुलेटिनांबद्दल सांगायचे. त्यांच्या बोलण्यात दांड्याचं यंत्र नव्हतं, "चौकटीवर रूळ फिरवायचो" असं म्हणायचे. मला वाटायचं ते पापड लाटण्याबद्दल काहीतरी मिसळून सांगतात. आज मांजरा यांचा प्रतिसाद वाचून चौकट म्हणजे काय ते कळलं. आवाज न करणारं साधन होतं ते, शेजाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. आजोबा आता नाहीत.

मांजरा_तीर

@पैठणी_काठ, हे तुम्ही तारखेनिशी, जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवा, कृपया.

कंपनीची उरलेली गोष्ट सांगतो. १९२९ मध्ये डेव्हिडचा मुलगा सिगमंड यानं न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी नावाच्या तरुण चित्रकाराला यंत्राचं रूप सुधारायला सांगितलं. तोवरचं यंत्र उघडंवाघडं, दातेरी चाकं बाहेर, शाई आणि कागदाची धूळ चाकांत. चार पाय असे बाहेर आलेले की चालताना माणूस अडखळावा. लोवीनं अख्ख्या यंत्रावर माती लिंपली आणि मातीतच नवा आकार कोरला. आतली चाकं झाकली गेली, पाय सरळ झाले. हाच लोवी पुढे औद्योगिक रचनेतला फार मोठा माणूस झाला आणि हे त्याचं त्या क्षेत्रातलं पहिलं काम मानतात. दुधनाकाठ, तुमच्या यंत्राचं अंग गुळगुळीत, झाकलेलं असेल तर ते त्याच वाटेवरचं आहे.

डेव्हिड १९३९ मध्ये वारला. त्याआधीच्या वर्षी, २२ ऑक्टोबर १९३८ ला, न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसननं कोरडी प्रत काढून दाखवली होती. शाई नाही, स्टेन्सिल नाही. त्यातून झेरॉक्स ९१४ हे यंत्र यायला १९५९ उजाडलं. भारतात मोदी झेरॉक्स १९८३ ची. गेस्टेटनरनंही कॉपी मशीन विकायला घेतली, पण तो बाजार तिच्या हातचा नव्हता. १९९५ मध्ये जपानच्या रिको कंपनीनं गेस्टेटनर विकत घेतली.

लातूर_पॅटर्न

म्हणजे संपलं असं नाही हं! मी लातूरला क्लासेसच्या छपाईचं काम करतो. रोजच्या टेस्ट, हजारो प्रती, दुसऱ्या दिवशी सकाळी हव्या. आम्ही त्या झेरॉक्सवर काढत नाही, परवडतच नाही. आमच्याकडे जपानी रिसो आहे. दिसायला झेरॉक्ससारखी, पण आत ढोल आहे आणि ढोलावर 'मास्टर' गुंडाळला जातो. तो मास्टर म्हणजे लांब धाग्यांच्या पातळ कागदावर चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. तापलेली पट्टी त्याला बारीक भोकं पाडते आणि भोकांतून शाई उतरते. बिंदुसरा काकांचा प्रतिसाद वाचताना मी उठून मशीनचं झाकण उघडून बघितलं. मेणाच्या जागी प्लास्टिक आणि खिळ्याच्या जागी उष्णता, बाकी तेच.

आणि ताज्या पेपरला हात लावला तर अजूनही बोट काळं होतं.

अंबाजोगाईकर

वास येतो का?

लातूर_पॅटर्न

थोडासा. पण तुम्ही म्हणता तो नाही.

औंढा_नागनाथ

मग दुधनाकाठ, काय ठरलं? नोंदवहीतून काढायचं असेल तर निर्लेखन करावंच लागेल, पण ठेवायचं असेल तर ते 'शैक्षणिक साहित्य' म्हणून विज्ञान कक्षाकडे वर्ग करता येतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. सोपं आहे.

दुधनाकाठ

मंडळी, चार दिवसांनी येतोय. ठराव झाला. औंढा यांचा मार्ग चालला, आभार.

मुख्याध्यापकांना बालाघाट यांचा प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवला. ते उमरगा तालुक्यातले आहेत, भूकंपाचा तडाखा तिथंही बसला होता. काही बोलले नाहीत, ठरावाचा मसुदा स्वतः लिहिला.

कयाधू ताई, १९७९ पासूनच्या हजेरीपत्रकांत शिपाई पदावर दोन नावं मिळाली. त्यातले एक गृहस्थ गावातच आहेत, वय ८४. त्यांना रिक्षातून शाळेत आणलं. यंत्र पाहून म्हणाले, "कापड गेलंय याचं, रूळ चांगले हायत." मग रॉकेल मागितलं. दोन तास आम्ही आठवीची पोरं आणि मी त्यांच्या सांगण्यावरून पुसत होतो. दांडा आधी हलेना, मग एकदम फिरला. त्यांनी पोरांना दांडा कुठं धरायचा ते दाखवलं. मधे नाही, टोकाला, म्हणजे खांद्यावर येत नाही. ताई, ते ऐकताना तुमच्या बाबांची आठवण झाली.

आता एक पान छापून बघायचं आहे. शाईचं काहीतरी जमेल. स्टेन्सिल आणि रेशमी कापड कुठंच मिळत नाही.

कयाधू

दादा, टोकाला धरायचं हे आमच्या बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

बिंदुसरा

स्टेन्सिलचा अर्धा डबा माझ्या माळ्यावर आहे. कोरेस कंपनीची, मराठी टाईपला मी हीच वापरायचो. उन्हाळ्यात मेण चिकटतं म्हणून मधे बटरपेपर घालून ठेवली आहेत, बघावं लागेल कशी राहिली. टाईपरायटरही आहे, खिळे साफ आहेत. पहिलं पान मी कापून देतो. मजकूर काय ते कळवा, पण एका पानात बसवा.

लातूर_पॅटर्न

कापडाचं माझ्यावर सोडा. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे बारीक जाळीचं कापड असतं, लातूरला मिळतं. रुंदी आणि घेर मोजून पाठवा.

दुधनाकाठ

रुंदी आणि घेर आज संध्याकाळी मोजतो. काका, मजकूर ठरला आहे : सहामाहीचा मराठीचा पेपर, इयत्ता आठवी, आणि खाली छापणाऱ्याचं नाव. शाळेचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.